बाबल्याचा एक जून

सौदीतल्या दम्माम शहरातल्या एका खाजगी इस्पितळात वॉर्डावॉर्डांत औषधं पोचवणारं एक चालतं-बोलतं यंत्र होतं. गफूर मुकादम त्याला बाबल्या म्हणायचा. गफूर नोकरीनं औषधांच्या गोदामातला मदतनीस, पण बाबल्याचा तो बाप, मास्तर आणि टवाळ मित्र असं सगळंच होता. त्याच्या संगतीत बाबल्या दापोलीकडची मराठी शिकला होता. नर्सबाईंशी अरबीत बोलता बोलता तो मध्येच "अगो बाय!" म्हणायचा आणि गफूर गालात हसायचा.

आज मात्र गफूर सकाळपासून बाबल्याला सोडून हलला नव्हता. बाबल्याचं अंग म्हातारं झालं, चाकं कुरकुरायला लागली, म्हणून कंपनी त्याची मेमरी नव्या यंत्रात घालणार होती. त्याआधी परीक्षा. नापास झाला, तर मेमरीत भेसळ आहे असं धरून ती सगळी पुसायची. खलास! आणि त्या मेमरीत मासूमा होती, गफूरची गावी वारलेली बायको. मूलबाळ नव्हतं. माणसांपाशी तो तिचं नावही काढत नसे, बाबल्यापाशी मात्र रोज काढायचा. हल्ली गफूरचं विसरणंही वाढलं होतं. कुठलीशी गोष्ट अर्ध्यावर अडायची आणि पुढचं बाबल्या पुरवायचा.

कंपनीचा इंजिनिअर सुयश पुण्याचा. लॅपटॉप उघडून त्यानं ठरलेले प्रश्न सुरू केले. काम विचारलं, मजला विचारला, सगळं बरोबर आलं.

"जन्मतारीख?"

"एक जून," बाबल्या ठसक्यात म्हणाला.

सुयशच्या भुवया चढल्या. "अरे, तू नोव्हेंबरात बनलायस!"

गफूरनं कपाळावर हात मारला. हा उपद्व्याप त्याचाच. त्याच्या शाळेतल्या मास्तरांनी पोरांच्या जन्मतारखा विचारायची तसदीच घेतली नव्हती. सगळ्यांना सरसकट एक जून लावला, पुढं पासपोर्टावर आणि सौदीत राहण्याच्या परवान्यावर, इकाम्यावरही तोच चढला. बाबल्यानं एकदा वय कशावरून मोजतात असं विचारलं, तेव्हा गफूरनं ऐटीत ठोकून दिलं होतं, "आपल्यात सगळे एक जूनचे!"

"माझे बाबासुद्धा एक जूनचेच," सुयश हसला. मग स्क्रीनकडे बघून गंभीर झाला. "पण चाचा, सिस्टीमला हे चालत नाही. फक्त एकदाच दुरुस्त करता येईल. तुम्हीच सांगा, तुमचं ऐकेल तो."

गफूर यंत्राजवळ वाकला. "बाबल्या, ते खोटं होतं रे. मस्करी केलेली मी."

बाबल्याचा दिवा दोनदा लुकलुकला. गफूरला वाटलं, गेलं सगळं. मग बाबल्या सावकाश म्हणाला, "नोव्हेंबर."

सुयशनं "पास! यल्ला, चला!" म्हणत बटण दाबलं. जुन्या बाबल्याचा दिवा विझला. थोड्या वेळानं शेजारच्या कोऱ्या यंत्राचा लागला.

"गफूरचाचा," नवं यंत्र जुन्याच आवाजात म्हणालं. गफूरचा जीव भांड्यात पडतोय, तोच पुढचं आलं. "तुम्ही खोटंपण सांगता, हे मला आज कळलं. मग मासूमाचाची? ती होती, का तीपण मस्करीच?"

"होती!" गफूर जवळजवळ ओरडलाच. "होती रे ती. तिचं हसणं..."

कसं होतं तिचं हसणं? त्यानं डोळे मिटले, पुन्हा उघडले. काहीच आठवेना. तो हबकला. त्यानं यंत्राचा पत्रा दोन्ही हातांनी धरला.

"तू सांग," तो म्हणाला. "मी सांगितलेलं खरं होतं, बाबल्या. तू सांग."