चिकूच्या वाडीतली चिनी फौज

आमचे हे चीनला गेले आणि तिथून एक मेलेला राजा डोक्यात घालून आले. सामानातून आणला असता तर विमानतळावर कोणीतरी अडवला असता. डोक्यात कोण बघतंय?

चिखल्याला आमची चिकूची वाडी आणि डहाणू रोडला ठिबकच्या पाइपांची एजन्सी. ज्या डीलरांनी जास्त माल खपवला त्यांना कंपनीने चीनची सहल दिली, ही २०१५ ची गोष्ट. बाकीचे डीलर येताना मोबाइलची कव्हरं आणि पाय दाबायची मशिनं घेऊन आले. ह्यांनी आणलं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक आणि वीतभर उंचीचा मातीचा शिपाई. तो टीव्हीशेजारी उभा राहिला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात बातम्या बंद झाल्या.

येईल त्याला हे धरून बसवायचे आणि थडगं सांगायचे. चीनचा पहिला बादशहा. गादीवर बसला तसं स्वतःचं थडगं बांधायला घेतलं. भोवती हजारो मातीचे शिपाई, घोडे, रथ, सगळे जमिनीखाली रांगेत उभे. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. पाय भरीव, धड पोकळ, मुंडकं निराळं करून मानेच्या भोकात बसवलेलं. वर रंग दिलेला, तो खणताना हवा लागली तसा उडून गेला. आत पाऱ्याच्या नद्या आहेत म्हणे, आणि खुद्द राजाची टेकडी अजून कोणी उघडलेलीच नाही. मग पान उलटून दुसऱ्या एका राजाराणीची कबर. तिच्या वाटेवर दुतर्फा दगडी घोडे, सिंह, पंखवाले प्राणी आणि परदेशच्या राजदूतांचे पुतळे, पण त्या राजदूतांची मुंडकीच गायब! इथे हे थांबायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. समोरचा बिचारा खताच्या गोणीचा भाव विचारायला आलेला असायचा.

"एवढी फौज पुरली, तरी मेलाच ना शेवटी?" मी एकदा चहा ठेवता ठेवता म्हटलं.

"तुला नाही कळायचं. आपल्यामागे काय राहणार, सांग."

"चिकू."

"चिकू काय, दर हंगामाला येतात."

मी कपाळाला हात लावला. साठी ओलांडलेला माणूस, दोन्ही मुली लग्न होऊन वापीला आणि बोरिवलीला सुखात, रक्तदाब काबूत, आणि ह्याला अमर व्हायचंय.

वाडीत आम्ही पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. शनिवार-रविवारी मुंबईची आणि सुरतेची माणसं यायची, उंधियु मागायची, खाटल्यावर लोळायची. त्यांना दाखवायला काहीतरी हवं, असा ह्यांनी हिशेब लावला. विहिरीपलीकडे जुन्या झाडांची एक ओळ वाळत आली होती. ती काढून तिथे जेसीबीने खड्डा खणला, वर पत्रे टाकले, उतरायला पायऱ्या केल्या. खड्ड्यात मातीची फौज आणि मधोमध सिंहासनावर बादशहा. बादशहा कोण, हे बोलून दाखवलं नाही, पण धडाचं माप देताना हे स्वतःच स्टुलावर पोट पुढे काढून बसले होते.

फौज करायला माणूस कोण पकडला? गणपती करणारा! माघी गणपती झाले की त्याला भाद्रपदाची कामं सुरू होईपर्यंत सवड असते, म्हणून स्वस्तात मिळाला. माणूस भला होता, हातही गोड होता. पण त्याचा हात सवयीने जायचा तिथेच जायचा. पहिले पाच-सहा शिपाई झाले ते सगळे आशीर्वाद द्यायला उभे असल्यासारखे. डोळे मोठे, पाणीदार, ओठांवर हसू. त्यांच्या हातात भाले दिले तरी ते मोदकच धरल्यासारखे दिसायचे. शिवाय सगळं काम शाडूचं, न भाजलेलं. "शेठ, भट्टीचं काम आपलं नाही," तो म्हणाला, "आपण बनवतो ते पाण्यात विरघळायलाच." ज्याला युगानुयुगं टिकायचं होतं त्याने असा कारागीर शोधून काढला, वा रे वा!

चेहरे एकसारखे येतात म्हणून ह्यांनी तोडगा काढला. बादशहाच्या शिपायांचे चेहरे खऱ्या माणसांवरून केलेले, तर आपणही वाडीवरच्या माणसांना बसवू. होळी नुकतीच झाली होती, माणसं घरी होती. एकेकाला दिवसाची मजुरी द्यायची, स्टुलावर बसवायचं, आणि मूर्तिकार समोर बसून मुंडकं घडवायचा.

माझ्या स्वयंपाकघरात तलासरीकडच्या पाड्यावरची एक बाई कामाला होती. हंगामात चिकू निवडायची, एरवी माझ्या हाताखाली. तिचा नवरा गुजरातच्या मच्छीबोटींवर खलाशी. आमच्या भागातले कितीतरी जातात, झाईपासून थेट पोरबंदरपर्यंत. बोट दुरुस्तीला लागल्यामुळे तो होळीनंतर आठवडाभर जास्त राहिला होता. तोही बसला. त्याला गंमतच वाटली. डाव्या भुवईवर गळ लागून पडलेली खूण होती त्याच्या, ती मूर्तिकाराने बरोब्बर उतरवली. त्या सगळ्या फौजेत तेवढं एक मुंडकं माणसाचं झालं. मी स्वतः म्हटलं, हे चांगलं जमलंय.

मग तो बोटीवर गेला.

दिवाळीत ह्यांनी शिपाई खड्ड्यात उतरवले आणि सगळ्यांना बघायला बोलावलं. ही बाई पायऱ्यांवर आली, खाली बघितलं आणि जागच्या जागी थांबली. तिच्या पाड्यावर माणूस मेला की त्याचा चिरा बसवतात. दगडावर नाहीतर सागाच्या फळीवर माणूस कोरायचा, वर चंद्र-सूर्य काढायचे, आणि तो शेताच्या कडेला मातीत उभा करायचा. सणाला त्याला तांदूळ वाहायचे, ताडी ओतायची. मेलेल्यालाच तसं उभं करतात.

"शेठ, याला काढा," ती म्हणाली. "जित्या माणसाला असा मातीत उभा नाय करत."

"अगं वेडे, ही कला आहे!"

"काढा शेठ. तो दर्यावर हाय."

हे हसले. मग पाहुण्यांसमोर अंधश्रद्धेवर लहानसं भाषण झालं. हे विज्ञानाचे भोक्ते, बरं का! त्याच खड्ड्यात सिंहासनावर बादशहा बिनमुंडक्याचा बसला होता. मूर्तिकार होळीपासून मागे लागला होता, शेठ, एकदा बसा, तुमचं मुंडकं तेवढं राहिलंय. ह्यांना कधी सर्दी असायची, कधी दाढ सुजलेली, कधी पितृपक्ष. मी म्हटलं, तुमची दाढ कुठे पुतळ्यात दिसणार आहे? तर माझ्यावरच खेकसले.

थंडीत बातमी आली. ती बोट देशाच्या हद्दीपलीकडे गेली म्हणून पलीकडच्यांनी पकडली. झाईचा एक खलाशी मागच्या बोटीवर होता, त्याने लांबून पाहिलं होतं. पाठलाग चालू असताना एक माणूस पाण्यात पडला, तो वर आला नाही. कोण पडला ते त्याला दिसलं नव्हतं.

बस, पाड्यावर तेवढं पुरलं. सासरा म्हणाला, माझाच गेला. त्याची मातीची मूर्ती आधीच जमिनीत उभी झाली, मग दुसरं काय होणार? ती एकटीच म्हणत राहिली, तो जिता हाय. कपाळाचं कुंकू पुसलं नाही, बांगड्या उतरवल्या नाहीत. माझ्याकडे भांडी घासायची आणि मध्येच थांबून विचारायची, "बाई, तुरुंगात भात देत असतील ना?" मी म्हणायची, देत असतील. मला डोंबल माहीत होतं!

पुढच्या उन्हाळ्यात सासरच्यांनी त्याचे दिवस घालायचं ठरवलं. दिवस घातले की माणूस मेल्यातच जमा. नवीन चिऱ्याला खर्च कशाला, शेठच्या खड्ड्यात मूर्ती आयती उभी आहे, असं कोणीतरी सुचवलं, आणि सासरा ह्यांच्याकडे परवानगी मागायला आला.

आता सांगायलाही लाज वाटते, पण हे खूश झाले! असे खूश की मला वाटलं मुलीचा फोन आला. "बघ, चिनी राजाला जे मिळालं नाही ते इथे मिळतंय. खरा विधी!" रविवार धरला. सुरतेच्या पाहुण्यांना पायऱ्यांवर खुर्च्या मांडून दिल्या. स्वतः इस्त्रीचा कुडता घालून मोबाइल हातात घेऊन तयार. एका बाईचा नवरा मेलाय की जिवंत आहे हे कोणाला ठाऊक नाही, आणि हे पाहुण्यांना कैरीचं पन्हं देतायत. मी त्या दिवशी पन्ह्यात मुद्दाम साखर घातली नाही. एवढंच माझ्या हातात होतं.

सासरा आला, भगत आला, तांदूळ, नारळ, ताडीचं मडकं. तिला पाड्यावरच ठेवलं होतं. पण ती मागच्या कुंपणातून आली. कोणाशी बोलली नाही. सरळ पायऱ्या उतरली, भगताच्या पुढून गेली, नवऱ्यासमोर उभी राहिली, आणि त्याचं मुंडकं दोन्ही हातांनी धरून वर उचललं. मुंडकी नुसती बसवलेली, चिनी पद्धतीने. अलगद निघालं.

तिने ते पदरात गुंडाळलं आणि काखेला लावून वर आली. सासरा ओरडला, भगत ओरडला. ती पायरीवर वळली आणि एकच बोलली, "तो घरी चाललाय. आता कुणाचे दिवस घालता ते घाला."

भगताने ताडीचं मडकं उचललं आणि तो निघाला. धडाचे दिवस कोण घालणार?

आणि आमचे हे! "चोरी! कलाकृतीची चोरी!" पोलिसात जातो म्हणाले, चप्पल शोधायला लागले. मी पन्ह्याचा ट्रे खाली ठेवला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हटलं, "मी दिलंय तिला. माझ्या नावाने तक्रार करा. जा, गाडीची चावी देऊ?" खोटं बोलले, आणि बोलताना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हे आत जाऊन पंखा लावून पडून राहिले. सुरतेच्या बाईने विचारलं, दुसरा शो कधी आहे?

ते मुंडकं तिने झोपडीत भाताच्या कणगीवर ठेवलं. मी एकदा गेले तेव्हा पाहिलं. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी घातलेली आणि ती चुलीच्या बाजूला सरकवलेली. ह्यांच्या फौजेला मात्र कोणी पिशवी घातली नाही. खड्ड्यात झरा लागला. शिपायांची बोटं गळाली, मग भाले, मग नाकं. बादशहाचं पोट खचलं. पाहुणे नाक दाबून वर यायचे. हे म्हणायचे, तिकडचा रंगसुद्धा उडालाच होता ना.

तिचा नवरा २०१८ च्या पावसाळ्याआधी तुरुंगातून सुटून आला. गुजरातच्या बाजूने बसने झाईला उतरला आणि तिथून मिळेल त्या वाहनाने घरी. पाण्यात पडला होता तो दुसराच, त्याच बोटीवरचा, गुजरातेत ओखामंडळाकडचा कोणी. तिकडे कोणाच्या कणगीवर काय असेल, माहीत नाही.

मी चिकूची पाटी आणि एक लुगडं घेऊन तिच्याकडे जायला निघाले, तर हेही गाडीत येऊन बसले. मनात म्हटलं, चला, शरम वाटली. डहाणू रोडला गाडी थांबवली आणि मूर्तिकाराला मागे बसवलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ह्यांच्या मांडीवर पेढ्यांचा बॉक्स होता, आणि मूर्तिकाराच्या मांडीवर ओल्या फडक्यात बांधलेला शाडू.

तिचा नवरा अंगणात खाटेवर बसला होता. हाडं दिसत होती, केस पांढरे झाले होते, भुवईवरची खूण तेवढी तशीच. तिने आम्हाला पाणी दिलं. ह्यांनी पेढा त्याच्या हातावर ठेवला, पाठीवर थाप मारली आणि लगेच मुद्द्याला हात घातला.

"आता बरा झालास की एक दिवस ये. तुझं धड तिथे बिनमुंडक्याचं उभं आहे रे, बरं दिसत नाही. नाहीतर ते घरातलं देऊन टाका, मी बसवून घेतो. तुरुंगातून सुटून आलेला शिपाई, लोकांना केवढी गोष्ट सांगता येईल!"

तो गरीब माणूस बायकोकडे बघायला लागला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने हातातला तांब्या खाली ठेवला. आवाज चढवला नाही. माझ्याकडे भांडी कुठे ठेवू असं विचारायची, त्याच आवाजात बोलली.

"याचं डोकं याच्या मानेवर हाय शेठ, ते तितंच ऱ्हाऊ द्या. तुमच्या राजाला पण डोकं नाय. मूर्तीवाला आलाच हाय, माती पण आणलीय. तुमीच बसा ना या खाटेवर. तुमाला उभं करू मातीत."

मूर्तिकाराने खरंच फडक्याची गाठ सोडायला घेतली. हे खाटेपासून दोन पावलं मागे सरले. हात आपोआप गळ्याकडे गेला. तोंडावरचा रंग उतरला होता, आणि आवाज असा आला की मला आधी ओळखूच येईना.

"असं बोलू नये गं," हे म्हणाले. "जिवंत माणसाला असं बोलू नये."