व्हरांड्यातली ताटली आणि माशाचा हार्मोन

भाचीची पीएच.डी.ची जाहीर तोंडी परीक्षा होती, म्हणून मी रायपूरला निघाले. नागपूरहून सकाळची गाडी धरा आणि डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ बघायला खिडकी मिळवा. रायपूर स्टेशनबाहेर रिक्षावाले दुप्पट सांगतात. मी अर्ध्यावरून सुरुवात केली.

चौबे कॉलनीत माझ्या धाकट्या भावाचं, दिलीपचं घर. जेवायला बसलो, तर भाची रुचा ताटली घेऊन व्हरांड्यात.

“आत ये ना गं.”

“नहीं आत्या, मेरी थाली बाहर रहती है.”

भावजय सुनीता म्हणाली, “मासोळीचं काम करते न ते, ताई. आपल्या घरी चालत नाही. आली का आंघोळ, अन् बाहेरच जेवण.”

“कधीपासून?”

“विषय घेतला तवापासून,” दिलीप म्हणाला. “तू काहून चिडून राहिली?”

काहून! कॉन्व्हेंटमध्ये आम्ही सगळ्या एका बाकावर डबे खायचो.

सकाळी तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे आणि टोमॅटोची झणझणीत चटणी होती. रायपुरात चुकवू नका. मी ते व्हरांड्यात रुचाशेजारी खाल्ले आणि दोघा नवराबायकोला ओढतच परीक्षेला नेलं.

रुचा न अडखळता बोलली. तिचा विषय स्टॅनिओकॅल्सिन नावाचा हार्मोन. तो माशाच्या मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथींतून येतो आणि पाण्यातलं कॅल्शियम अंगात जास्त शिरू देत नाही. हा फक्त माशांचाच, असं बरीच वर्षं समजत. मग तो माणसातही सापडला: मूत्रपिंडात, हाडांत, हृदयात, बीजकोशात. प्राणवायू कमी पडला की तो पेशींना सांभाळतो. उंदरीण गाभण असताना, पिलांना पाजताना तो रक्तातही उतरतो.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “आपके काम में मछली कितनी है?”

“एक भी नहीं, सर. चूहे के गुर्दे की कोशिकाएँ हैं.”

एकही नाही! नुसत्या उंदराच्या मूत्रपिंडातल्या पेशी. दिलीपचा चेहरा बघण्यासारखा होता. बाहेर आल्यावर तो पुटपुटला, “सांगितलं काहून नाही?”

“आपने पूछा ही नहीं, बाबा.”

डॉक्टर झालेली ही पोरगी रात्री सवयीने पुन्हा ताटली घेऊन बाहेर! मीही उठले. “माझंही इथेच वाढ, सुनीता. तो हार्मोन माझ्यातही आहे. दिलीप, तुझ्यातही आहे. ये बाहेर.”

दिलीप हलला नाही. सुनीता मात्र स्वतःचं ताट घेऊन लेकीजवळ टेकली. “इले पाजत होती तवा माझ्याही रक्तात असन,” ती हळूच म्हणाली.

आत दिलीप एकटाच टेबलाशी. थोड्या वेळाने दारात आला. “हव, समजलं. चला आत सगळ्या. डास चावून राहिले.”

ती ताटली मी न विचारता पिशवीत घालून नागपूरला आणली. तिच्यात लसूण सोलते. रुचा आता आत जेवते, असं कळतं. पण तिने खरंच मासे कापले असते तर? दिलीपला हे फोनवर विचारलं. त्याने फोन सुनीताकडे दिला. ताटली मी परत देणार नाही.