काकूंनी पास केलेल्या बाटल्या

“आण इकडे,” म्हणत काकू आधी पदराला हात पुसायच्या, मग झाकण काढून बाटलीत नाक घालायच्या आणि डोळे मिटायच्या. आम्ही बाटलीवाले श्वास रोखून उभे. “पास आहे भिया, खाऊन घ्या!” एवढं ऐकलं की बाटली घरी न्यायची.

छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीत लोणचं असो, मुरंबा असो की सॉस, काकूंनी हुंगल्याशिवाय ते पानात पडत नसे. तुमच्याही गल्लीत अशी एखादी कुणीही न नेमलेली अधिकारी असेलच. काकूंच्या सासूबाई चिनी मातीच्या बरण्या, मीठ आणि ऊन यांपलीकडे गेल्या नाहीत. काकूंनी मात्र लग्नानंतर फळसंरक्षणाचा वर्ग केला. मटार स्वस्त झाला की तो मिठाच्या पाण्यात उकळायचा, बाटल्यांत भरायचा आणि झाकणाला मेण लावायचं, हे त्यांनी सगळ्या गल्लीला शिकवलं. सासूबाई म्हणे महिनाभर त्या मटाराला शिवल्या नव्हत्या.

मग सून आली, शहराबाहेर राऊला एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी. तिने मटार सरळ फ्रीझरमध्ये टाकला.

“आई, लोणचं आंबट असतं म्हणून टिकतं. मटारात आंबट काही नाही. त्यातले काही जंतू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत, आणि त्यांचा वास येईलच असंही नाही.”

“वास नाही तो जंतू कसला गं?” काकूंनी सगळं विज्ञान एका वाक्यात निकालात काढलं. आमचा पक्ष अर्थातच काकूंचा.

एका थंडीत काकूंना जबरदस्त ताप आला. त्यातून उठल्या आणि पुन्हा दारात बसून बाटल्या तपासू लागल्या. फक्त आता एकही बाटली नापास होत नव्हती. आजारपणाने काकू मऊ झाल्या, असं आम्ही कौतुकाने म्हणत होतो.

एक दिवस समोरचे मोघे पाहुण्यांच्या जेवणासाठी गेल्या हंगामातली मटाराची बाटली घेऊन आले. झाकण फुगलेलं. ते उघडताच असा भपकारा सुटला की मी मागे सरकलो. काकूंनी नाक घातलं, डोळे मिटले. “एकदम बढिया!”

“मलाच सर्दी झालीय वाटतं,” मोघे पुटपुटले आणि बाटली घेऊन खरोखर घरी निघाले.

काकूंनी डोळे उघडले तेव्हा मी नाकाला रुमाल लावून उभा होतो. त्या रुमालाकडे बघत राहिल्या. चेहरा उतरला. मग तशाच अनवाणी मोघ्यांच्या स्वयंपाकघरात धावल्या. मीही मागोमाग गेलो. कढईत तेल तापलं होतं.

“मोघेजी, रुको! टाकू नका ते!”

“पण काकू, पास आहे ना?”

“मला वासच येत नाही हो. त्या तापापासून काहीच येत नाही. अंदाजाने सांगत होते मी.”

आयुष्यभराची सत्ता त्यांनी पाहुण्यांसमोर अशी एका दमात सोडून दिली. मोघे इतके श्रद्धाळू, की म्हणाले, “काकू, तुमचं बंद नाकसुद्धा आमच्यापेक्षा बरं.” काकूंच्या सुनेने येऊन, हातमोजे घालून ती बाटली पिशव्यांत घट्ट बांधली. कचऱ्याच्या गाडीवाल्याने विचारलं, “माताजी, गीला या सूखा?” काकूंनी सुनेकडे बघितलं.

पुढे त्या मुला-सुनेबरोबर राऊच्या फ्लॅटवर राहायला गेल्या. आता तिथेही नाहीत. त्या गेल्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेलो, तेव्हा ओट्यावर कैरीचा मुरंबा होत होता. सुनेने घड्याळ लावून बाटल्या उकळल्या, मुरंबा भरला. काकू बाजूला स्टुलावर नुसत्या बसून होत्या. मला फार वाईट वाटलं.

सुनेने एक बाटली नाकाशी धरली. “वेलदोडा छान उतरलाय, आई.”

“आणि लवंग?”

“आहे. जरा मागून येतेय.”

काकूंनी डोळे मिटले. “हां,” त्या म्हणाल्या, “मागूनच यायला हवी.”