वरचा स्लॉट

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारा रत्नागिरीत आता मी एकटाच उरलोय, आणि त्याचा मला माज होता. आधीच सांगून टाकतो.

मिरकरवाड्यातल्या एका भाभीचं एम्ब्रॉयडरीचं मशीन अशाच जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. नवरा आखातात होता. त्यानेच ते आणून जोडून दिलं, आणि मागच्या वर्षी तिकडेच वारला. घरात ती आणि म्हातारे सासरे. दोघांचं पोट त्या मशीनवर. स्क्रीनवर काही दिसेना म्हणून तिने कॉम्प्युटरचा डबा रिक्षातून माझ्याकडे पाठवला.

उघडला तर खाऱ्या हवेने ग्राफिक्स कार्डाची पार वाट लावलेली. त्या काळातलं दुसरं कार्ड माझ्याकडे होतं, ते बसवलं. मशीन हलवणारं वेगळं कार्ड सगळ्यात खालच्या स्लॉटमध्ये, म्हणजे कार्ड बसवायच्या खाचेत होतं, आणि तो स्लॉट गंजून हिरवा पडलेला. आता घासत कोण बसणार? वरचा, ग्राफिक्स कार्डाला लागून असलेला स्लॉट कोरा करकरीत होता. त्यावर चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावलेली, उर्दूत. मला वाटलं, दुआ असेल. आमच्याकडे होडीच्या इंजिनापासून रिक्षाच्या आरशापर्यंत देव नाहीतर दुआ असतेच. मी ती नखाने हळूच सोडवली, कपाळाला लावली आणि डब्याच्या आतल्या बाजूला नीट चिकटवली. शेजारच्या दुकानातले चाचा उर्दू वाचतात. पण लोकांच्या धर्माचं कशाला विचारा, म्हणून गप्प बसलो. मशीनचं कार्ड वरच्या स्लॉटमध्ये दाबलं.

दुकानात चित्र झकास आलं. मशीनला मात्र डबा तिच्या घरी गेल्यावरच जोडला. पहिलं फूल निम्मं झालं आणि सुई थांबली. बराच वेळ ढिम्म.

"भाऊ, धागा अडकला वाटतं," म्हणत भाभीने बोट आत घातलं. आणि मी दीडशहाणा, त्याच वेळी माउस हलवून बघितला. मशीन एकदम सुटलं.

सुई तिच्या उजव्या तर्जनीत सांध्यापर्यंत घुसून तुटली. दवाखान्यात सुई काढली. बोट आता वळायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

परत आल्यावर काय चुकलं ते बघायला मी डबा उघडला. आत चिकटवलेली चिठ्ठी बघून सासरे चष्मा लावून वाकले. "हे तर माझ्या पोराचं अक्षर!" म्हणाले, आणि अडखळत वाचू लागले. वरचा स्लॉट रिकामा ठेवा. इथे कार्ड लावलं तर चित्राच्या कार्डाशी भांडतं. मशीन थांबतं आणि अचानक पळतं. हात घालू नका.

जुन्या डब्यात शेजारशेजारच्या या दोन स्लॉटना प्रोसेसरला हाक मारायला वाट एकच. दोघं एकदम ओरडले की घोटाळा. हे मी स्वतः किती पोरांना शिकवलंय! कपाळ माझं. तासभर घासलं असतं तर खालचा स्लॉट चालला असता.

भाभी भिंतीला टेकून बसली होती, हात छातीशी धरून. तिने सासऱ्यांना ते पुन्हा वाचायला लावलं. मग माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, ही चिठ्ठी तुम्हाला दिसली नव्हती ना?"

"नाही, भाभी," मी म्हणालो.

"मग तुमची काय चूक?" ती म्हणाली, आणि सासऱ्यांना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मी तो प्यायलो.