खुल्या धान्यापाशी उभी कुंदाबाई

दुकानात फिरता फिरता काही खाणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे कुंदाबाई कधी पाहत नसे. ती हातांकडे पाहायची. बिस्किटाचा पुडा फोडून लेकराच्या तोंडात एक बिस्कीट कोंबणारी आई रिकामा कागद मुठीत धरून काउंटरपर्यंत येते. तिला अडवायचं कारण नाही, ती बिल देतेच. पण शेल्फकडे तोंड करून घाईघाईने चघळणारा, आणि कागद साबणाच्या वड्यांमागे सारणारा, त्याचे हात वेगळे दिसतात. अशा वेळी कुंदाबाई गाजावाजा न करता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "टोपली देऊ का, दादा?" एवढंच. तो माणूस दचकायचा, टोपली घ्यायचा, आणि कागदसुद्धा मुकाट्याने त्या टोपलीत पडायचा. चोर हा शब्द तिने चार वर्षांत दुकानात उच्चारला नव्हता.

यवतमाळच्या आर्णी रोडवरच्या सुखधाम सुपर बाजारात ती पहारेकरीण होती. निळी साडी, छातीवर बिल्ला, पायात पट्ट्यांच्या चपला. सकाळी साडेनऊपासून उभी. वय बावन्न, पण संध्याकाळी घरी निघताना पाहणाऱ्याला सत्तर वाटावं. एजन्सीने तिला पाठवलं होतं, पगारही एजन्सीच द्यायची. याहून बऱ्या जागा तिने नाकारल्या होत्या. कारण दुकानापासून घर दहा मिनिटांवर. दुपारी दोनला अर्धा तास सुटी मिळाली की ती जवळजवळ पळत घरी जाई. तिथे खाटेवर नंदकिशोर असायचा. एके काळी गावात ज्याने शिवलेल्या सफारीशिवाय नवरदेव घोड्यावर चढत नसे, तो नंदकिशोर. तीन वर्षांपूर्वी अर्धं अंग गेलं. दुपारी त्याला चार घास भरवायचे आणि कुशीवर वळवायचं. एक दिवस जरी चुकलं तरी पाठीवर जखम धरायला वेळ लागत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कुंदाबाईची नोकरी म्हणजे तो अर्धा तास होता. बाकीचे साडेआठ तास ती त्या अर्ध्या तासासाठी उभी असायची.

यंदा दिवाळीनंतर नवा मॅनेजर आला. सलील नाव, नागपूरचा, तिशीच्या आतला, बोलायला मऊ. त्याच्या डोळ्यांखालीही काळं होतं. वरून त्यालाही कोणी दामटत असावं. खुल्या धान्याच्या रांगेत माल कमी भरतो म्हणून त्याने दाराशी एक फळा लावला. वर लाल अक्षरांत लिहिलं, 'हे खातात, पैसे देत नाहीत'. खाली फोटोंसाठी मोकळी जागा.

"कुंदाताई, चार वर्षांत तुमच्या रजिस्टरमध्ये एकही नाव नाही," तो म्हणाला. "तुमच्या नजरेतून सुटतं, की तुम्ही सोडून देता?"

"टोपली देते न जी मी. पैसे येतात काउंटरवर."

"टोपलीने घट भरून निघत नाही. महिनाअखेरपर्यंत एक तरी माणूस पकडून द्या. नाहीतर एक तारखेपासून दुसरी बाई पाठवा म्हणून मला एजन्सीला सांगावं लागेल. मलाही उत्तरं द्यावी लागतात."

त्या दुपारी तिने नंदकिशोरला ते सांगितलं. त्याची जीभ जड झाली होती, पण खोड गेली नव्हती. भाताचा घास गिळून तो म्हणाला, "मंग पकड ना एखाद्याले."

"कोणाले पकडू?"

"मले पकड. तीन वर्षं झाले, फुकटच खाऊन राह्यलो."

"गप बसा," ती म्हणाली आणि त्याच्या काखेखाली हात घालून त्याला वळवलं. हसायचंही अंगात त्राण नव्हतं तिच्या.

पण सलीलने माणूस आधीच हेरून ठेवला होता. त्याने तिला कॅमेऱ्यातली चित्रं दाखवली. दर सोमवारी पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा यायचा, मागे त्याची बायको. खुल्या धान्याच्या डब्यापाशी जायचा, एक दाणा उचलायचा, तोंडात टाकायचा, पुढच्या डब्याकडे. तूरडाळ, हरभराडाळ, मूग, गहू, ज्वारी, शेंगदाणे. अकरा डबे. आणि शेवटी चहापत्तीचा एक पुडा विकत घेऊन चालता व्हायचा.

"सात सोमवार," सलील म्हणाला. "एकदाही खुलं धान्य घेतलं नाही. हा तर दिसत होता ना तुम्हाला?"

दिसत होताच. कुंदाबाईने त्याचे हातही पाहिले होते. ते हात लपत नव्हते, घाईत नव्हते, आणि एका दाण्यावर दुसरा कधी उचलत नव्हते. म्हणून तर ती कधी जवळ गेली नव्हती. नेरजवळच्या ज्या गावात ती वाढली, तिथल्या बाजारात दोन शेंगदाणे तोंडात टाकल्याशिवाय शेंगदाणे घेणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणत.

सोमवारी अकराच्या सुमाराला म्हातारा आला. तूरडाळीचा डबा उघडला, एक दाणा घेतला, दाढेखाली धरला. सलील काचेच्या खोलीतून पाहत होता. कुंदाबाई टोपली घेऊन पुढे झाली.

"टोपली देऊ का, काकाजी?"

म्हाताऱ्याने हात वर करून तिला थांबवलं, जसं कोणी कानाला लागलेल्या फोनसाठी थांबवतं. मान तिरपी केली, दात दाबला, मग दाणा रुमालात काढून घेतला.

"टोपली कायले? घेण्यासारखं काही असन तं घेईन ना."

"काकाजी, दर सोमवारी खाता तुम्ही. धान्य काहीच घेत नाही."

"खातो?" म्हातारा तिच्याकडे असा वळला, जणू भर सभेत त्याच्या डोक्यावरची टोपी कोणी उडवली. "खात नाही बाई मी. पाहून राह्यलो. सदाशिवराव म्हणतात मले. ऐंशी सालापासून नेरच्या मार्केटात होतो मी. अडत्याकडे. माह्या दाताखालून दाणा गेल्याबिगर बोली सुरू होत नव्हती. वाळला दाणा कट्‌कन तुटते. ओला असला का चपटा होते. हे पाह्य." त्याने रुमाल उघडला. डाळीचा दाणा खरंच चपटा झाला होता. "सात हप्त्यांपासून तुमची डाळ ओलीच हाय. हरभरा मागच्या सालचा. शेंगदाणा तं इचारूच नको."

त्याची बायको, विमलताई, मागून म्हणाली, "याहीले दोनच दाढा राह्यल्या, बाई, त्याही तुमच्याच दुकानात झिजवून राह्यले. दवाखान्यात बीपी दाखवाले येतो कळंबहून, अन् याहीचं बीपी इथं येऊन वाढते."

"तू थांब," सदाशिवराव म्हणाले.

तेवढ्यात सलील आला, मोबाइल हातात. "काका, खाल्ल्याचे पैसे द्या नाहीतर फोटो लागेल."

कुंदाबाईने घाईघाईने मधला रस्ता काढला. तिला दुसरा येतच नव्हता. "सर, पन्नास ग्रॅम डाळ तोलून देते. काकाजी घेतात. झालं."

"ओल्या डाळीचे पैसे देऊ?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. खरेदीला आलेल्या बाया थबकल्या. "ज्या मालाले मी नापास केलं, तो विकत घेऊ? मंग माह्या दाताची काय किंमत राह्यली?"

"द्या ना हो," विमलताई म्हणाली. "बस निघून जाईन."

"नाही देत."

सलीलने मोबाइल वर केला. आणि कुंदाबाईने, आयुष्यभर लोकांची लाज झाकायची सवय लागलेल्या कुंदाबाईने, कमरेच्या बटव्यातून दहाची नोट काढली आणि काउंटरवरच्या निकिताकडे सरकवली. "पन्नास ग्रॅम तूरडाळ. बिल कर. झालं सर, पैसे आले."

तिला वाटलं, आपण म्हाताऱ्याला वाचवलं. म्हातारा मात्र जागच्या जागी बसल्यासारखा लहान झाला. तो काउंटरपाशी गेला, ती नोट उचलली आणि आणून तिच्या हातात ठेवली.

"त्या पोराले समजत नाही, त्याचं मले काही वाटलं नाही," तो हळू म्हणाला. "पन तू माह्ये पैसे भरले. म्हणजे तुह्या मनातही मी चोरच झालो ना, बाई."

सलीलने फोटो काढला. म्हाताऱ्याने तोंड लपवलं नाही. टोपी नीट केली आणि बायकोच्या मागे दाराबाहेर गेला.

गर्दी पांगली. कुंदाबाई खुल्या धान्यापाशी परत आली. तूरडाळीचा डबा उघडाच होता. तिने एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला. वर कॅमेरा होता, तिला ठाऊक होतं. दाणा तुटला नाही. मेणासारखा दबला.

काचेच्या खोलीत सलीलने रजिस्टर पुढे सरकवलं. सदाशिवराव, मुक्काम कळंब, खुलं धान्य खाताना पकडले. पकडणाऱ्याची सही. सही झाली की फोटो फळ्यावर जाणार होता.

"इथे करा. तुमचं काम झालं. एजन्सीला फोन करत नाही मी."

तिने पेन घेतलं. तिच्या डोळ्यांसमोर दुपारचे दोन आले, खाट आली, नंदकिशोरची पाठ आली. मग म्हाताऱ्याने हातात ठेवलेली ती नोट आली. ती अजून मुठीतच होती, घामाने ओली.

'खाताना पकडले' या शब्दांवर तिने रेघ मारली. सातवी शिकलेल्या तिच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत वर लिहिलं, 'तपासत होते. डाळ ओली आहे. मी पण पाहिली.' आणि त्याखाली सही केली.

सलीलने ते दोनदा वाचलं. "नातेवाईक आहेत का तुमचे?"

"नाही जी."

"मग का करता हे? इतक्या लोकांना टोपली देऊन सोडलंत, एक सही केली असती तर?"

"सर, तो चोर असता तं टोपली दिली असती न मी. टोपली घेतली असती त्यानं. चोर नव्हता, म्हणून तं पकडता आलं नाही."

सलीलने डोळे चोळले. फोटो फळ्यावर लागला नाही; सहीशिवाय लावायचा नाही असा त्याचाच नियम होता. पण एजन्सीला फोन त्याने तिच्यासमोरच केला. वाईट बोलला नाही. फक्त म्हणाला, "एक तारखेपासून दुसरी बाई." एजन्सीवाल्याने मग कुंदाबाईशी बोलून घेतलं. नेरच्या एका लॉजिंगच्या दारावर जागा होती. सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने यायचं. दुपारी घरी येणं नाही.

दोन वाजता ती घरी गेली. आज पळाली नाही. तरी दहाच मिनिटं लागली. नंदकिशोरला वरणभात भरवता भरवता तिने सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. तो ऐकत राहिला. घास त्याच्या डाव्या गालात तसाच राहिला.

"तूर खरंच ओली होती का वं?" त्याने विचारलं.

"होती. म्या चावून पाह्यली."

"मंग बरोबर लिवलं." त्याने घास गिळला. "दुपारचं कसं करशीन?"

"शेजारच्या इंदुताईले विचारते. दोन वाजता येऊन वळवून जातीन तुम्हाले."

"तिचे हात लय गार राह्यतात."

"शेगडीवर शेकून या म्हणीन."

त्याच्या तोंडाची एक बाजू हलली. कुंदाबाईने त्याच्या काखेखाली हात घातला, दुसरा कमरेखाली, दम धरला आणि त्याला भिंतीकडे वळवलं. पाठ नीट पाहिली. लाल झालेलं काही नव्हतं. मग ती खाटेच्या कडेला टेकली, इंदुताईला नेमकं कसं सांगायचं ते मनात जुळवत: हात कुठे घालायचा, जोर कधी लावायचा, आणि वळवताना त्याच्याशी बोलत राहायचं, नाहीतर तो घाबरतो.