निरगुडीचा पाला

गुडघा शेकायला आज तव्यावर निरगुडीचा पाला टाकला आणि त्या उग्र वासासरशी आईची उसतोडीवरची पाचटाची कोप, म्हणजे झोपडी, डोळ्यांपुढं आली. दुष्काळात पाटोद्याकडच्या आमच्या विहिरी आटल्या, म्हणून आम्ही एका सहकारी कारखान्याच्या उसाला गेलतो. तिथं नवराबायकोची जोडी मिळून एकच 'कोयता' मोजतात, एक बसलं की जोडीच बसली. आईचा गुडघा टम्म सुजला, म्हणजे बापाचंही काम थांबणार.

आई असाच गरम पाला बांधून कोपीत बसली होती. टोळीचा मुकादम आला. "वैनी, पाला बांदून ट्रक भरतो व्हय?" म्हणत त्यानं दोन गोळ्या दिल्या. थोड्या वेळानं आई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढली. "मुकादम लई देवमाणूस हाय," बाप म्हणाला.

काल बीडचे डॉक्टर मला म्हणाले, "गोळीनं बरं वाटलं तरी ओझं उचलू नका. दुखतंय म्हणजे गुडघा 'थांबा' म्हणतोय."

आईचाही गुडघा म्हणतच होता. देवमाणसानं हंगामभर रोज गोळ्या देऊन त्याचं तोंड बंद ठेवलं. गावी परतायच्या दिवशी त्याच फळीवरून बापानं आईला पाठीवर घेऊन ट्रकात चढवलं.