विहिरीला वळसा

नामपूरहून सकाळची एसटी पकडली तेव्हाच मी चिडलेला होतो. कांद्याचे लिलाव ऐन भरात आणि मी आडत सोडून नाशिकला निघालेलो. धाकट्या बहिणीचा, सुमनचा फोन आला होता. "भाऊ, सरकारी माणसं रानात फक्की (चुन्याची पांढरी पूड) मारून गेली. विहीर त्यांच्या हद्दीत गेली."

सुमनचा नवरा वारल्यापासून तिचं घर त्या विहिरीवर चालतं. सिंहस्थासाठी साधूंचे तंबू आणि गाड्यांचा तळ करायला तिच्या गावची जमीन घ्यायचं ठरलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. तिला तिथंच राहायचं आहे.

सटाण्याला बस थांबली. इथं रस्त्याला लागून माझी शेड होती. पाठीवर पोती वाहून उभी केलेली. रस्ता रुंद करायला निघाले तेव्हा आम्ही सगळे दुकानदार एकत्र बसलो, घोषणा दिल्या. दोघं-तिघं मात्र गुपचूप साहेबांना भेटून आले. त्यांच्या पायऱ्यासुद्धा शाबूत राहिल्या; माझ्या शेडवर जेसीबी चालला. म्हणून तर मी नामपूरला गेलो. बस त्या जागेवरून जाते तेव्हा मी मुद्दाम तिकडे बघतो. राग ताजा राहतो.

नाशिकात सगळीकडे उकरलेले रस्ते आणि धूळ. भाविकांच्या स्वागताच्या फलकांवर साधूंपेक्षा पुढाऱ्यांचे चेहरे मोठे. एका हॉटेलात मिसळ खाल्ली, दुसऱ्यांदा रस्सा देताना वाढप्यानं तोंड वाकडं केलं म्हणून त्याच्याशी भांडलो. रिक्षावाले त्र्यंबकच्या बाजूला यायला तयार नव्हते. "तिकडं पोलीस हायेत काका. गाडी अडकली की दिवस गेला." घासाघीस करून एकाला तयार केलं, तर त्यानं गावाच्या अलीकडेच बॅरिकेडपाशी उतरवलं.

"कुठं?" हवालदारानं विचारलं.

"बहिणीकडं."

"आंदोलनाला?"

"जेवायला."

"मग जेवून लगेच निघा."

पुढं खडीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय ओढत गावात शिरलो तेव्हा समोरून हमीदभाई आले. सुमनचे शेजारी, पेरूची बाग असलेले. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. सुमनच्या सासऱ्यांनी आणि हमीदभाईंच्या वडिलांनी मिळून ती विहीर खणली होती. अजूनही दोन्ही घरांनी पाण्याचे वार वाटून घेतलेले आहेत.

"मागच्या सिंहस्थात साधू ह्याच विहिरीवर न्हाले, शेठ," ते म्हणाले. "मीच मोटर चालू करून देत होतो. मेळ्याला कोण नाय म्हनतंय? मेळा झाला की रान परत द्या, एवढंच म्हननं हाय."

दुपारी सुमननं भाकरी, ठेचा आणि कोबीची भाजी वाढली. मग आम्ही मारुतीच्या पारावर गेलो. आदल्या दिवशी तिथं लाठी चालली होती. एका म्हाताऱ्याचा हात गळ्यात बांधलेला, दोन पोरं अजून चौकीत. तरी पार भरला होता. कुणीही एकट्यानं जमीन घ्यायला आलेल्या साहेबांच्या तंबूत जायचं नाही, असं सगळ्यांनी मारुतीपुढं नारळ फोडून ठरवलं होतं. तेवढ्यात भोंगा लावलेली जीप आली. हरकत असेल त्यानं तंबूत यावं, एका वेळी एकानंच यावं, जमाव करू नये.

"एकेक या म्हने!" एक आजी ओरडली. "दाढा उपटायला बसलेत का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण मनात सटाण्याची शेड होती. एकत्र बसलेल्यांचं काय होतं ते मला ठाऊक होतं.

ऊन कलायच्या आत, गाव आडवं झालेलं असताना, मी तंबूत गेलो.

साहेब तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी चहा मागवला, नकाशा पसरला.

"गावाचं काय म्हणणं आहे?"

"ते गावाला विचारा. मी फक्त विहिरीचं बोलतो."

"विहीर सोडता येणार नाही."

मी उठलो. बाजारात उठणं हीच अर्धी बोली असते. तंबूच्या दारापर्यंत पोचलो, तोच हाक आली. "बसा शेठ." त्यांनी पेन्सिल घेतली आणि रेघ विहिरीला वळसा घालून नेली. बदल्यात काही मागितलं नाही. इतक्या पटकन जुळणाऱ्या सौद्यात माल आतून भिजलेला असतो, हे बाजारात मी दुसऱ्यांना शिकवतो. तंबूत मात्र शांतपणे चहा संपवला. रेघ पुढं कुठं जाते ते विचारलं नाही.

सकाळी फक्कीची नवी रेघ दिसली. विहिरीला वळसा घालून ती हमीदभाईंच्या बागेत शिरली होती आणि पेरूच्या ओळींमधून थेट त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकली होती. आधीच्या रेघेत त्यांची बाग आणि घर बाहेर होतं.

सुमनचा भाऊ आत जाऊन आला, हे गावभर झालं. दुपारी तंबूसमोर रांग लागली. नारळ फोडणारेच रांगेत होते, एकमेकांकडे न बघता उभे. ती आजीसुद्धा. पोलीस झाडाखाली खुर्च्या टाकून वडापाव खात होते. आता त्यांना दुसरं कामच उरलं नव्हतं.

मी तंबूत घुसायला गेलो. हवालदारानं छातीवर हात ठेवला. "रांगेत या." मी ओरडलो, शिव्या दिल्या. साहेब बाहेर आले, तितकेच गोड. "तुमच्यामुळं सोपं झालं, शेठ. गावाला कुणीतरी वाट दाखवावी लागते." आणि पुढच्या माणसाला आत घेतलं.

हमीदभाई बागेत पेरू उतरवत होते, कच्चे-पिके सगळेच. मला बघून थांबले नाहीत.

"विहीर वाचली, बरं झालं," ते म्हणाले. "जाताना इचारायचं तरी शेठ. मीबी आलो असतो संगं."

रागावता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांत बागेत यंत्र आलं. मी निघालो तो गुरुवार होता. सुमनच्या कोबीनं उन्हात माना टाकल्या होत्या आणि विहीर वरपर्यंत भरलेली. सुमन पायरीवर बसून होती.

"मोटर लाव की. पीक जळतंय."

चिडली की तिच्या तोंडून माहेरची अहिराणी निघते. "आज पाळी त्यासनी शे." (आज पाळी त्यांची आहे.)

"त्यांचं रान गेलं. आता पाळी कसली?"

"ते त्यासले तूच सांग," ती म्हणाली आणि माझी पिशवी दारात आणून ठेवली.

हमीदभाईंच्या दारावरून जावं लागू नये म्हणून मी लांबच्या वाटेनं रस्त्याला लागलो. इतकी वर्षं वाटत होतं की साहेबांना गुपचूप भेटून आलेली माणसं सुखानं झोपत असतील. बाकी नामपूरला जाऊन मी काय सांगणार? प्रवास म्हणावा असं फार काही घडलं नाही. गेलो, जेवलो, एक सौदा जिंकलो.

सटाण्याला बस थांबली, तेव्हा शेडची जागा माझ्याच खिडकीत आली. मी उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसलो.